थेट शेअर घ्यायचे, लाभांश पुन्हा गुंतवायचा: डिमॅट खातं, कागदपत्रं आणि बाकीची वाट

चादर थेट कारखान्यातून घ्यायची आपली सोलापूरकरांची सवय जुनी. परवा ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी त्याच सवयीने विचारलं, "बालाजी अमाइन्सचं ऑफिस होटगी रोडला आसरा चौकात आहेच की. तिथंच जाऊन शेअर घेतले तर? मधे दलाल कशाला?" त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. तिकडे बऱ्याच कंपन्या आपल्या रजिस्ट्रारमार्फत (शेअरधारकांची नोंद ठेवणारी संस्था) थेट शेअर देतात आणि लाभांशाचे, म्हणजे नफ्यातून वाटलेल्या पैशाचे, परस्पर आणखी शेअर, अगदी अर्धा-पाव शेअरसुद्धा, खात्यात टाकतात. ते ऐकून गुरुजींच्या डोक्यात हे आलं होतं.

आपल्याकडे तसं होत नाही. लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, कंपनी काउंटरवर शेअर विकत नाही. बाजारात आपण घेतो तो दुसऱ्या कुणीतरी विकलेला शेअर असतो. त्यासाठी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदलेला ब्रोकर (दलाल) आणि डिमॅट खातं (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवायचं खातं) दोन्ही लागतं. कंपनीकडून सरळ शेअर मिळायचे प्रसंग मोजके: आयपीओ (कंपनीची पहिली जाहीर शेअरविक्री), राइट्स (जुन्या शेअरधारकांना देऊ केलेले नवे शेअर), बोनस (त्यांना फुकट मिळणारे शेअर), किंवा तिथं नोकरी असेल तर कर्मचाऱ्यांची योजना. २०१६ साली आपल्याच प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा आयपीओ आला होता, तेव्हा अर्ज करणाऱ्यांना तशी संधी होती. (दोन्ही नावं गावची म्हणून घेतली. घ्या किंवा घेऊ नका, असं काही सांगत नाहीये.) आयपीओत पैसे आधी जात नाहीत, बँकेत नुसते अडवून ठेवतात आणि शेअर मिळाले तरच कापतात. पण तिथंही शेअर येणार डिमॅटमध्येच.

खातं कोण उघडू शकतं, काय लागतं

पॅन असलेली कुणीही व्यक्ती. उत्पन्नाची किमान अट नाही. अज्ञान मुलाच्या नावानेही निघतं, ते पालक चालवतात. एकत्र हिंदू कुटुंबाचंही निघतं.

कागद थोडेच आहेत: आधारशी जोडलेलं पॅन, मोबाईल नंबर जोडलेलं आधार, नाव छापलेला रद्द केलेला चेक, पांढऱ्या कागदावर पेनाने केलेली सही आणि फोटो. चेकवर नाव छापलेलं नसेल तर बँक स्टेटमेंट. उत्पन्नाचा पुरावा फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे मुदतीचे सौदे, करणाऱ्यांना लागतो, नुसते शेअर घेऊन ठेवणाऱ्याला नाही. फॉर्ममध्ये 'फ्युचर्स अँड ऑप्शन्स' अशी चौकट दिसली की तिथं टिक करू नका. लांब पल्ल्याच्या माणसाचं तिथं काही काम नाही.

अर्ज ऑनलाइन होतो. डिजिलॉकरमधून आधार येतं, मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर बसून 'प्रत्यक्ष पडताळणी' होते आणि आधारच्या ओटीपीने ई-सही. सगळं नीट असेल तर अर्धा तास. अडतं ते दोनच ठिकाणी. पहिलं, आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला किंवा मुलाचा असतो आणि तो मुलगा पुण्यात. दुसरं, नाव. आमच्या पूर्व भागात पॅनवर तेलुगू आडनाव आधी आणि पूर्ण, तर आधारवर आडनावाचं नुसतं आद्याक्षर, असं घरोघरी सापडतं. वर बँकेच्या पासबुकात तिसराच प्रकार. अर्ज भरण्याआधी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून बघा. दुरुस्ती आधी करा, अर्ज मग.

वारसनोंद, म्हणजे नॉमिनेशन, आता १० जणांपर्यंत करता येते आणि प्रत्येकाचा टक्का लिहिता येतो. 'नॉमिनी नको' असाही पर्याय असतो. घाईत लोक तोच दाबतात आणि पुढे घरच्यांना कोर्टकचेरीचे कागद गोळा करत फिरावं लागतं.

वार्षिक शुल्काबद्दल एक गोष्ट ब्रोकर आपणहून सांगेलच असं नाही. तुमच्या नावावर एकच डिमॅट असेल आणि त्यातल्या गुंतवणुकीची किंमत ४ लाखांपर्यंत असेल, तर 'बेसिक सर्व्हिसेस डिमॅट' प्रकारात वार्षिक शुल्क शून्य. ४ ते १० लाखांपर्यंत वर्षाला १०० रुपये. सप्टेंबर २०२४ पासून हे लागू आहे.

लाभांश येतो कुठे

बहुतेकांचा गैरसमज इथेच असतो. लाभांश ब्रोकरच्या ॲपमध्ये दिसणाऱ्या शिलकीत येत नाही. तो डिमॅटला जोडलेल्या बँक खात्यात सरळ जमा होतो, आणि दूध-किराण्यात कधी विरघळला ते कळतही नाही.

म्हणून खातं उघडलं की 'क्लायंट मास्टर' नावाचा एक-दोन पानी कागद मागून घ्या. त्यावर १६ अक्षर-आकड्यांचा डिमॅट क्रमांक, बँक खातं आणि आयएफएससी असतो. तो आयएफएससी पासबुकाशी ताडा. बँकांच्या विलीनीकरणात कित्येक शाखांचे कोड बदलले. ज्यांनी डिमॅटमध्ये नवा कोड घातला नाही त्यांचे लाभांश परत गेले. माझा स्वतःचा एक गेला होता, तीनशे वीस रुपयांचा. रक्कम किरकोळ, पण त्यासाठी रजिस्ट्रारला चार मेल करावे लागले.

जमलं तर लाभांशासाठी वेगळं बचत खातं ठेवा आणि तेच डिमॅटला जोडा. अमेरिकेत कंपनी जे आपोआप करते ते इथं आपल्या हाताने करायचं असतं, आणि त्यासाठी पैसा आधी वेगळा दिसायला हवा.

टक्केवारीला भुलू नका. '५००% लाभांश' ही बातमी दर्शनी किमतीवर, म्हणजे शेअरच्या मूळ नोंदलेल्या किमतीवर, असते. दर्शनी किंमत २ रुपये असेल तर हातात येतात शेअरमागे १० रुपये. तोच शेअर बाजारात १,५०० ला असेल तर हा परतावा पाऊण टक्कासुद्धा नाही. लाभांश मिळायला रेकॉर्ड तारखेला (कंपनी शेअरधारकांची यादी धरते तो दिवस) शेअर तुमच्या नावावर हवा, म्हणजे किमान एक कामकाजाचा दिवस आधी खरेदी. मात्र त्यासाठी धावू नका. लाभांश निघाला की भाव साधारण तेवढाच उतरतो.

कर

लाभांश तुमच्या उत्पन्नात धरला जातो. एका कंपनीकडून वर्षात १०,००० रुपयांपेक्षा जास्त मिळाला तर १०% टीडीएस, म्हणजे देतानाच कापलेला कर. समजा १२,००० झाला, तर पूर्ण रकमेवर १,२०० कापून १०,८०० जमा. पॅन नसेल किंवा आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय असेल तर कपात २०%. एकूण उत्पन्नावर करच बसत नसेल तर लोक ज्याला १५जी-१५एच म्हणतात ते स्वयंघोषणापत्र द्यायचं, प्रत्येक कंपनीच्या रजिस्ट्रारकडे वेगळं आणि दरवर्षी नव्याने. गुरुजींनी हे ऐकून कपाळाला हात लावला. टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही, असंही समजू नका. सगळा हिशोब पॅनवर दिसतो.

पुन्हा गुंतवताना

आपल्याकडे अर्धा शेअर मिळत नाही. १२० शेअरवर १० रुपयांप्रमाणे १,२०० आले आणि शेअर १,५०० चा, तर थांबावं लागतं. थांबणंच बरं. व्यवहारामागे २० रुपये घेणाऱ्या ब्रोकरकडे ६०० रुपयांची खरेदी केली तर तीन टक्क्यांवर दलालीतच गेले. सरकारी खर्च त्यामानाने कमी: १०,००० च्या खरेदीवर एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) १० रुपये, मुद्रांक शुल्क दीड रुपया.

मार्चला वर्ष संपणाऱ्या कंपन्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात आणि जाहीर झालेला लाभांश ३० दिवसांत द्यावा लागतो. म्हणजे वर्षाचा बराचसा पैसा दिवाळीच्या सुमारास गोळा होतो. मी खरेदी तेव्हाच करतो, वर्षातून एकदा. प्रत्येक खरेदीची तारीख आणि भाव वहीत लिहितो. विकताना जुने शेअर आधी गेले असं धरतात आणि १२ महिन्यांची मुदत प्रत्येक खरेदीला वेगळी मोजतात. त्यानंतरच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, पुढे साडेबारा टक्के.

एवढं झेपणार नसेल तर म्युच्युअल फंडाचा ग्रोथ पर्याय घ्या. त्यात लाभांश तुमच्या हातात येतच नाही, फंडातच राहून वाढतो.

ट्रंकेत वडिलांच्या वेळची कागदी सर्टिफिकिटं सापडली तर ती आधी डिमॅटमध्ये न्यावी लागतात, कागदी शेअर विकता येत नाहीत. सात वर्षं सलग न घेतलेला लाभांश, आणि त्यासोबत तो शेअरही, सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफकडे जातो. तो परत मागता येतो. पण सुरुवात कंपनीच्या रजिस्ट्रारपासून करावी लागते, आणि मृत्यूचा दाखला नि वारसाचे कागद हाताशी असतील तरच.