प्रातिनिधिक सजीव : राष्ट्रनिहाय संशोधनाची तुलना

फळमाशी, उंदीर, झेब्राफिश, सी. एलेगन्स हा सूत्रकृमी, यीस्ट, ॲराबिडॉप्सिस ही वनस्पती अशा प्रातिनिधिक (म्हणजे जीवशास्त्राचे सर्वसाधारण प्रश्न सोडवण्यासाठी प्रयोगशाळेत नमुना म्हणून वापरल्या जाणाऱ्या) सजीवांवर कोणत्या देशातून किती शोधनिबंध निघाले, हे ग्रंथमितीच्या (प्रकाशित साहित्याच्या संख्यात्मक अभ्यासाच्या) साधनांनी मोजण्याची पद्धत.

या पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. तो सहसा विज्ञानेतिहासकार डेरेक प्राइस यांच्या १९६३ मधील मांडणीशी किंवा युजीन गारफील्ड यांच्या उद्धरण सूचीशी (कोणत्या निबंधाचा उल्लेख कोणत्या निबंधांत झाला याच्या नोंदीशी) जोडतात. वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फोन्स द कांदॉल यांनी १८७३ मध्येच राष्ट्रांची तुलना केली होती. पण त्यांचे एकक निबंध नसून परदेशी अकादमींचे सभासदत्व होते. कोल व ईल्स यांनी १९१७ मध्ये तुलनात्मक शरीररचनेवरील १५४३ ते १८६० या काळातील साहित्य देशनिहाय आणि प्राणिगटनिहाय मोजले. देश व प्राणी असे दोन्ही निकष तेथे एकत्र आल्याने आजच्या पद्धतीचा पूर्वज म्हणून त्यांचेच काम धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

मोजणीसाठी मेडलाइन या वैद्यक व जीवशास्त्रीय निबंधांच्या माहितीसंचातील विषयशीर्षक (निबंधाला दिलेला ठरावीक विषयशब्द) आणि लेखकाचा पत्ता एकत्र शोधतात. १९८८ ते २०१३ या काळात तेथे फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवला जाई. २०१४ पासून सर्वांचे पत्ते येतात. त्यामुळे त्या वर्षी सहलेखक देशांचे आकडे एकाएकी फुगतात. दीर्घ कालखंडासाठी सर्व वर्षांत पहिल्याच लेखकाचा पत्ता धरावा. अलीकडच्या वर्षांसाठी अपूर्णांक मोजणी बरी : तीन भारतीय व एक जर्मन लेखक असल्यास भारताला ०.७५ आणि जर्मनीला ०.२५. प्रत्येक देशाला पूर्ण १ दिल्यास बेरीज निबंधांच्या संख्येपेक्षा जास्त भरते.

पत्त्यात ‘इंडिया’ची अक्षरे शब्दारंभी शोधल्यास ‘इंडियाना’ही सापडते. फळमाशीबाबत ही चूक गंभीर ठरते, कारण माश्यांच्या वाणांचे मोठे संग्रहकेंद्र इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन येथेच आहे. झेब्राफिशसाठी ब्रॅकिडॅनिओ हे जुने प्रजातिनामही शोधावे लागते. ई. कोलायच्या निकालांत मूत्रमार्गसंसर्गावरचे रुग्णालयीन निबंध मिसळतात. म्हणून हा जीवाणू वेगळा मोजावा. यादृच्छिक नमुन्यातील सारांश वाचून तपासल्याशिवाय कोणताही आकडा स्वीकारू नये.

भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी यांच्या पुढाकाराने फळमाशीवरचे काम रुजले. वाराणसीचे ड्रॉसोफिला अननासी या फळमाशीच्या वेगळ्या जातीवरील आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील हायड्रा या गोड्या पाण्यातील सूक्ष्म प्राण्यावरील संशोधन मात्र नेहमीच्या सजीवसूचीने केलेल्या मोजणीत येतच नाही.