पार्श्वभूमी : हैतीचा कॅमेरा हैतीच्या हाती कसा आला

२०२१ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शिका जेसिका जेनेयूस यांचा ‘फ्रेडा’ दाखवला गेला आणि हैतीच्या सिनेमाकडे पुन्हा लोकांचं लक्ष गेलं. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या एका गरीब वस्तीत घराच्या पुढच्या भागात छोटंसं दुकान चालवणारी आई, शिकणारी एक मुलगी, श्रीमंत नवरा मिळवून सुटका करून घ्यायला निघालेली दुसरी, परदेशाची वाट धरू पाहणारा मुलगा. बाहेर रस्त्यावर भ्रष्टाचाराविरुद्ध मोर्चे. माणसं बोलतात ती क्रियोल, म्हणजे हैतीत घराघरात बोलली जाणारी भाषा. एवढी साधी गोष्ट पडद्यावर यायला इतका काळ का लागला, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

हैती ही फ्रान्सची वसाहत होती; गुलामांनी बंड करून १८०४ साली हा देश स्वतंत्र केला. त्याची किंमत म्हणून फ्रान्सने १८२५ मध्ये १५ कोटी फ्रँकची ‘भरपाई’ मागितली आणि पुढच्या पिढ्या ते कर्ज फेडत राहिल्या. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा १८९९ मध्येच पोर्ट-ओ-प्रिन्सला पोहोचला होता, पण चित्रपट काढायला लागणारं भांडवल तिथे उभं राहिलं नाही. १९१५ ते १९३४ अमेरिकी सैन्याने देशाचा ताबा घेतला. त्याच काळात, १९३२ मध्ये, हॉलिवूडने ‘व्हाइट झोंबी’ काढला आणि हैती म्हणजे जादूटोणा आणि चालती प्रेतं ही प्रतिमा जगभर पसरली. व्हुडू हा हैतीतल्या लोकांचा जिवंत धर्म आहे. त्याचं असं भूत करून ठेवल्याचं नुकसान आजही भरून निघालेलं नाही.

बाहेरून आलेल्या सगळ्यांनीच असं केलं नाही. अमेरिकेतल्या प्रयोगशील चित्रपटकार माया डेरेन १९४७ मध्ये व्हुडूतल्या नृत्याचं चित्रण करायला गेल्या, त्या धर्मात इतक्या आत शिरल्या की चित्रित केलेली रिळं त्यांनी हयातीत जोडलीच नाहीत, त्याऐवजी पुस्तक लिहिलं. १९६१ मध्ये त्या गेल्या आणि चित्रपट इतरांनी नंतर पूर्ण केला. मला त्यांचा हा संकोच फार मोलाचा वाटतो.

१९५७ मध्ये हुकूमशहा फ्रांस्वा दुव्हालिए सत्तेवर आले. पुढे त्यांचा मुलगा आला आणि १९८६ मध्ये त्याला पळून जावं लागेपर्यंत देशावर तोंतों माकूत या खासगी फौजेची दहशत होती. पत्रकार जाँ दोमिनिक यांनी साठच्या दशकात राजधानीत सिनेक्लब चालवला, तोही सरकारने बंद पाडला. पुढे त्यांच्या रेडिओने क्रियोलमधून बातम्या देण्याचा पायंडा पाडला आणि २००० साली त्यांचा खून झाला. अशा हवेत सिनेमा देशाबाहेरच जन्माला येणार होता. आर्नोल्ड आन्तोनिन यांनी सत्तरच्या दशकात परागंदा अवस्थेत हुकूमशाहीविरुद्धचा माहितीपट केला. त्याच दशकात देशात राहून काहींनी क्रियोलमध्ये कथापट काढायला सुरुवात केली. रासूल लाबुशँ यांच्या ‘अनिता’ने १९८० मध्ये परक्या घरी राबायला पाठवल्या जाणाऱ्या गरीब मुलांचा प्रश्न मांडला. आजही हैतीत अशा मुलांसाठीचा ‘रेस्तावेक’ हा शब्द ऐकला की लोक नजर खाली घालतात, त्यामुळे तेव्हा हे धाडस केवढं होतं ते कळतं.

या साऱ्याचं सर्वांत मोठं नाव राऊल पेक. जन्म १९५३, पोर्ट-ओ-प्रिन्स. लहानपणीच कुटुंबाबरोबर काँगोला गेले, सिनेमा शिकले बर्लिनमध्ये. १९९३ चा त्यांचा ‘लोम स्युर ले के’ हा कानच्या मुख्य स्पर्धेत पोहोचलेला हैतीचा पहिला चित्रपट. साठच्या दशकातलं एक गाव, माकूतांपासून वाचवण्यासाठी आजीने माळ्यावर लपवलेली आठ वर्षांची सारा. प्रेक्षकाला हुकूमशाही दिसते ती बरीचशी या मुलीच्या नजरेतून, आणि म्हणूनच ती अंगावर येते. भाषणबाजी न करता राजकीय सिनेमा कसा करावा, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पेक नव्वदच्या दशकात देशाचे सांस्कृतिक मंत्रीही झाले. ‘फ्रेडा’च्या जेनेयूस अभिनेत्री म्हणून पेक यांच्या ‘मोलॉक ट्रॉपिकल’मध्ये होत्या. एका पिढीचा हात दुसरीने धरला तो असा.

दोन हजारनंतर डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले. रिशार सेनेकाल यांच्या ‘बारिकाद’सारख्या चित्रपटांना स्थानिक प्रेक्षक मिळाला. जाकमेल या किनाऱ्यावरच्या गावात २००८ मध्ये ‘सिने इन्स्टिट्यूट’ ही मोफत फिल्म शाळा सुरू झाली. मग १२ जानेवारी २०१० चा भूकंप आला. शाळेची इमारत पडली, दरडींनी राजधानीचा रस्ता तुटला. विद्यार्थ्यांनी ढिगाऱ्यातून कॅमेरे काढले आणि आपलंच गाव चित्रित करायला लागले. कोण अडकलंय, कुठे पाणी नाही, कोण कुणाला काय देतंय, हे त्यांच्या चित्रणातून बाहेर पोहोचलं. पुढे मदतीच्या नावाखाली काय झालं ते पेक यांनी ‘असिस्तांस मोर्तेल’मध्ये, पुनर्बांधणीचा सुमारे दोन वर्षं पाठपुरावा करून, दाखवलं. जाकमेलजवळच्या कबिक या कोळ्यांच्या वस्तीत गेती फेलँ यांनी ‘आयिती मोन आमूर’ केला. ऑस्करसाठी हैतीने पाठवलेली ती पहिलीच प्रवेशिका.

आज टोळ्यांच्या हिंसाचाराने राजधानीत चित्रीकरण करणं जिवावरचं काम झालंय. ब्रुनो मुरल यांच्या ‘किडनॅपिंग इंक’च्या चित्रीकरणादरम्यान त्यांच्याच चमूतल्या माणसांचं अपहरण झालं. चित्रपट तरी पूर्ण झाला आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. काम पुन्हा एकदा बाहेर सरकतंय. माँट्रियलमध्ये दिग्दर्शिका मिरियम शार्ल, मायामीत मोनिका सोरेल. सोरेल यांच्या ‘माउंटन्स’मधला झेव्हियर घरं पाडायच्या कामावर जातो, आणि पाडली जाणारी घरं असतात मायामीतल्या हैतीयन वस्तीतली, ‘लिटिल हैती’तली, त्याच्याच मोहल्ल्यातली. घरी बायकोशी तो क्रियोलमध्ये बोलतो. स्वतंत्र सिनेमा इथे कुणी हौस म्हणून निवडलेला नाही. मागे उद्योग नाही, सरकारी निधी नाही, चित्रपटगृहं एकेक करत बंद पडली. तरीही चित्रपट होतात, ते एकमेकांच्या ओळखीवर, परदेशी निर्मात्यांच्या सहकार्यावर आणि नातेवाइकांनी रिकाम्या करून दिलेल्या खोल्यांवर.