एकाच आवारात पोलीस, न्यायालय आणि तुरुंग: हाँगकाँगच्या ‘ताई क्वुन’ची पार्श्वभूमी

हाँगकाँगच्या हॉलिवूड रोडवरचे ‘ताई क्वुन’ आज कलाकेंद्र म्हणून ओळखले जाते. शंभराहून अधिक वर्षे मात्र शहराची पोलीस कचेरी, दंडाधिकारी न्यायालय आणि तुरुंग याच आवारात होते. पकडलेला माणूस कोठडी, कठडा आणि शिक्षेची बराक असा सगळा प्रवास एकाच भिंतीआड करी. या जागेचे खरे महत्त्व मला यातच दिसते.

१८४१ मध्ये ब्रिटिशांनी बेट ताब्यात घेतले आणि त्याच वर्षी कॅप्टन विल्यम केन याला मुख्य दंडाधिकारी नेमले. व्यापाराआधी बंदोबस्त हवा होता, म्हणून तुरुंगाची सोयही लगेच इथे झाली. पोलिसांची मोठी बराक १८६४ मध्ये उभी राहिली. त्या काळात पोलीस दलाचा प्रमुख होता विल्यम क्विन. तो मुंबई पोलिसांतून आलेला, आणि त्याने शिपाईही मुंबईहून मागवले. घरापासून इतक्या दूर, अनोळखी भाषेच्या शहरात गस्त घालणाऱ्या या माणसांची आठवण आपल्याकडे कुणी ठेवली नाही, याची खंत वाटते. पुढे १८६७ पासून शीख शिपायांची भरती सुरू झाली.

जुन्या न्यायालयाच्या जागी नवी इमारत १९१४ च्या सुमारास झाली, तर हॉलिवूड रोडकडे तोंड केलेली, भव्य खांबांची पोलीस मुख्यालयाची इमारत १९१९ मध्ये. १९३१ मध्ये अटक झालेले व्हिएतनामचे क्रांतिकारक नेते हो चि मिन्ह इथल्याच व्हिक्टोरिया तुरुंगात होते. फ्रँक लोझबी या वकिलाने त्यांची बाजू नेटाने लढवली.

न्यायालयाचे काम १९७९ मध्ये थांबले. १९९५ मध्ये आवाराला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला आणि २००६ मध्ये तुरुंगही बंद झाला. सरकारचा कल व्यापारी पर्यटन प्रकल्पाकडे होता. नागरिकांनी त्याला विरोध केला. मग घोड्यांच्या शर्यती चालवणारा आणि समाजकार्याला पैसा देणारा हाँगकाँग जॉकी क्लब पुढे आला. त्याच्या २००७ च्या आराखड्यात सुमारे १६० मीटर उंचीची नवी रचना होती. त्यावरही टीका झाली आणि आराखडा बदलावा लागला. लोकांचा हा हट्ट योग्यच होता. एवढ्या उंच मनोऱ्याखाली जुन्या सोळा इमारती खुज्या दिसल्या असत्या.

दुरुस्ती सुरू असताना, मे २०१६ मध्ये, विवाहित निरीक्षकांच्या निवासाचा एक भाग कोसळला. मे २०१८ मध्ये आवार लोकांसाठी खुले झाले, तेव्हाही त्या इमारतीचे काम बाकीच होते.