एजंट आणि डिस्ट्रिब्युटर एक नाही हो: युरोपात माल विकणाऱ्या अमेरिकनांचा जुना घोळ

आपल्याकडे सिमेंटची 'एजन्सी' घेतलेला माणूस पण एजंट आणि एलआयसीवाले काका पण एजंट. खरं तर सिमेंटवाला गोणी स्वतःच्या पैशाने विकत घेतो आणि स्वतःच्या बिलावर विकतो, म्हणजे तो डिस्ट्रिब्युटर. काका फक्त गिऱ्हाईक आणतात, पॉलिसी कंपनीची, हप्ता कंपनीला, काकांना कमिशन. आपल्यात हे चालून जातं. मी अमेरिकन आणि कॅनेडियन कंपन्यांना युरोपात माल विकायला मदत करतो आणि तिथे पण अगदी हाच घोळ, फक्त ते लोक दोघांनाही 'पार्टनर' म्हणतात. हा शब्द करारात दिसला की माझं डोकं फिरतं.

डिस्ट्रिब्युटरबद्दल फार सांगत बसत नाही, तो सगळ्यांना कळतो. माल त्याचा, उधारी बुडाली तर त्याची, इम्पोर्टर म्हणून नाव पण बहुतेक वेळा त्याचंच. एकच लक्षात ठेवा, त्याने किती किमतीला विकायचं हे तुम्ही ठरवायचं नाही. सुचवा, पण 'याच्या खाली विकलंस तर माल बंद' अशी मेल टाकलीत तर युरोपच्या काँपिटिशन कायद्यात ते थेट गुन्ह्यासारखंच धरतात. अमेरिकेत २००७ पासून फेडरल कोर्टं यावर बरीच सैल झालीत म्हणून तिकडच्या सेल्सवाल्यांना ही सवय लागलेली असते.

आता एजंट. इथेच सगळे आपटतात.

अमेरिकेत सेल्स रेप, म्हणजे कमिशनवर ऑर्डरी आणणारा माणूस, ठेवायचा, जमलं नाही तर ३० दिवसांची नोटीस द्यायची, राहिलेलं कमिशन चुकतं करायचं आणि मोकळं व्हायचं. युरोपात १९८६ चा एक डायरेक्टिव्ह आहे, ८६/६५३ (म्हणजे युरोपियन युनियनचा नियम, जो प्रत्येक देश आपापल्या कायद्यात बसवतो), आणि त्याच्यामुळे स्वतंत्र एजंटला काढताना निरोपाचे पैसे द्यावे लागतात. नोटीस पण तुमच्या मर्जीची नाही, मुदत न ठरवलेल्या करारात पहिल्या वर्षी किमान १ महिना, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्यापासून ३. आणि नोटीस पाळली म्हणजे सुटलात असं नाही, भरपाई वेगळीच. का, तर एजंटने गिऱ्हाईकं जोडली, तो गेल्यावरही ती तुमच्याकडेच राहणार, मग त्या कमाईतला त्याचा वाटा आधी द्या. मला तर हे पटतं. जर्मनीत याची वरची मर्यादा म्हणजे शेवटच्या पाच वर्षांच्या सरासरीने एका वर्षाचं कमिशन. फ्रान्सचा हिशोब वेगळा, तिथे कोर्टं साधारण दोन वर्षांचं कमिशन देतात. म्हणून 'युरोपसाठी एकच करार बनवून द्या' असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुठला युरोप?

माझ्या एका क्लायंटची गोष्ट. पॅकिंगच्या मशिनी बनवणारी अमेरिकन कंपनी, जर्मनीतला एजंट सहा वर्षं इमानदारीत काम करत होता, यांना वाटलं आता आपलाच माणूस ठेवू, टाकली ३० दिवसांची मेल. मला फोन आला वकिलाचं पत्र आल्यावर. सरासरी कमिशन वर्षाला ९०,००० युरो, मागणी पण बरोबर ९०,००० ची. सेल्स हेड म्हणतो, 'आम्ही कमिशन तर वेळेवर दिलंय, आणि करारात डेलावेअरचा कायदा लिहिलाय!'

डेलावेअर म्हणजे अमेरिकेतलं एक राज्य, आणि हे डेलावेअरचं मी इतक्या वेळा ऐकलंय की काय सांगू. इंगमार विरुद्ध ईटन लेनर्ड हा खटला याच मुद्द्यावरचा आहे. कंपनी कॅलिफोर्नियाची, करारात कायदा कॅलिफोर्नियाचा, एजंट ब्रिटनमधला, आणि ब्रिटन तेव्हा युरोपियन युनियनमध्ये होतं. ९ नोव्हेंबर २००० ला युरोपियन कोर्टाने सांगितलं की एजंट युनियनमध्ये काम करत असेल तर हे संरक्षण त्याला मिळणारच, करारात कुठलाही कायदा लिहा. बरं, एजंटकडून आधीच 'मला काही नको' असं लिहून घ्यावं तर करार चालू असताना ते पण चालत नाही. सुटका फार थोड्या वेळा होते: एजंटनेच गंभीर घोळ घातला म्हणून काढलं, तो स्वतःहून सोडून गेला (वय किंवा आजारपणामुळे गेला तर मात्र द्यावे लागतात), किंवा करार संपल्यापासून एका वर्षात त्याने मागणीच केली नाही.

मग डिस्ट्रिब्युटरच बरा का? दरवेळी नाही. जर्मनीत त्याला तुमच्या विक्रीच्या यंत्रणेत बांधून घेतलंत आणि गिऱ्हाईकांची यादी देणं बंधनकारक केलंत तर तोही हीच भरपाई मागू शकतो. बेल्जियममध्ये तर एक्सक्लुझिव्ह डिस्ट्रिब्युटरसाठी (म्हणजे त्या भागात विक्रीचा हक्क फक्त त्यालाच) १९६१ पासून वेगळा कायदाच आहे. तरी दुकानात जाणारा छोटा माल असेल तर मी डोळे झाकून डिस्ट्रिब्युटर सांगतो, कारण आयातीची कटकट तो घेतो. महागडी मशीन, वर्षाला दहा-बारा ऑर्डरी, गिऱ्हाईक कोण ते तुम्हाला माहीत हवं, किंमत तुमच्या हातात हवी, तर एजंटच घ्या, फक्त निरोपाचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा.

त्या क्लायंटचं पुढे तडजोडीने मिटलं. परवा त्यांनी नव्या माणसासाठी कराराचा ड्राफ्ट पाठवला, काम सगळं एजंटचं, आणि वर ठळक अक्षरात: 'पार्टनर ॲग्रीमेंट'.