औषधाच्या वेळापत्रकातला रिकामा दिवस

१३ मार्च २००६ च्या सकाळी लंडनमधल्या एका चाचणी केंद्रात आठ धडधाकट पुरुष खाटांवर पडून होते. टीजीएन १४१२ नावाचे अँटिबॉडी प्रकारचे नवे औषध त्या दिवशी पहिल्यांदाच माणसाच्या शरीरात जाणार होते. सहा जणांना औषध, दोघांना प्लासिबो, म्हणजे तुलनेसाठी दिलेले औषधाविनाचे द्रव. मात्रा प्राण्यांना सोसलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकी. दर दहा मिनिटांनी पुढच्या खाटेवरच्या माणसाला सलाईनमधून डोस दिला गेला. तास-दीड तासात डोकेदुखी, पाठदुखी, थंडी वाजणे सुरू झाले. हे काय चालले आहे याचा अर्थ लागेपर्यंत सहाही जणांच्या रक्तात औषध मिसळलेले होते. सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. सगळे वाचले, पण एकाला हातापायाची बोटे गमवावी लागली.

प्राण्यांत धोका का दिसला नाही, याचे उत्तर नंतर सापडले. हे औषध टी-पेशींवरच्या ज्या रेणूला चिकटते, तो रेणू चाचणीतल्या माकडांच्या काही टी-पेशींवर नव्हताच. हे आधी कुणाला ठाऊक नव्हते. पण दोन डोसांमध्ये किती वेळ ठेवायचा, हा प्रश्न प्रतिकारशक्तीच्या ज्ञानाचा नव्हता, वेळापत्रकाचा होता. दहा मिनिटांऐवजी एक दिवस थांबले असते, तर सहा नव्हे, एकच माणूस आजारी पडला असता.

औषध शोधणाऱ्या शास्त्रज्ञांबद्दल आपण वाचतो. वेळापत्रक आखणाऱ्या माणसाबद्दल सहसा वाचत नाही. रेणू हाती लागल्यापासून औषध रुग्णापर्यंत पोचायला साधारण दहा ते पंधरा वर्षे लागतात. त्या काळात रसायनतज्ज्ञ, विषशास्त्रज्ञ, डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ, कारखान्यातले अभियंते आणि परवान्याची कागदपत्रे तयार करणारे लोक एकाच गोष्टीवर काम करतात. प्रत्येकाला आपले काम कळते. कुणाचे काम कुणापायी अडले आहे, हे मात्र प्रोजेक्ट मॅनेजरला कळावे लागते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, या वर्षांमधला कोणता वेळ माणसांनी घालवलेला आहे आणि कोणता शरीराने किंवा रसायनाने मागितलेला आहे, हे त्याने ओळखायचे असते. पहिला कापता येतो, आणि कापलाच पाहिजे. दुसऱ्याला हात लावायचा नसतो.

एक साखळी पाहू. प्रयोगशाळेत नवा रेणू काही ग्रॅम बनतो. प्राण्यांवरच्या विषारीपणाच्या चाचण्यांना तो किलोंनी लागतो. मोठ्या भांड्यात बनवताना पद्धत थोडी बदलते आणि पद्धत बदलली की औषधात राहणाऱ्या अशुद्धीही बदलू शकतात. प्राण्यांना दिलेल्या बॅचमध्ये नसलेली अशुद्धी पुढे माणसांसाठीच्या बॅचमध्ये उगवली, तर ती निरुपद्रवी आहे हे नव्याने दाखवावे लागते, कधी प्राण्यांवर पुन्हा चाचणी करून. म्हणजे रसायनशास्त्राच्या विभागात घाईने घेतलेला निर्णय वर्षभरानंतर माणसांवर चाचण्या घेणाऱ्या क्लिनिकल विभागाचे सहा महिने खाऊ शकतो. अशी जी साखळी सगळ्यात लांब, तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. ही कल्पना १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेत ड्युपाँ या रसायन कंपनीत रुजली. त्याच काळात अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पातही तिच्यासारखीच पद्धत वापरात आली. या साखळीतले एक काम आठवडाभर लांबले तर सगळा प्रकल्प आठवडाभर लांबतो. बाहेरची कामे थोडी मागेपुढे झाली तरी चालते.

आता ज्या वेळाला हात लावता येत नाही तो पाहू. गोळी किती काळ टिकेल हे दाखवायला तीन बॅचेस ठरावीक तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या कपाटात ठेवून तपासाव्या लागतात. दीर्घ मुदतीची चाचणी, उदाहरणार्थ २५ अंश सेल्सिअस आणि ६०% आर्द्रतेत. परवान्याचा अर्ज करताना तिची किमान १२ महिन्यांची माहिती हवी असते. जोडीला ४० अंश आणि ७५% आर्द्रतेतली ६ महिन्यांची चाचणी. दहा माणसे जास्त लावली म्हणून त्या कपाटातले वर्ष आठ महिन्यांचे होत नाही. उंदीर आयुष्यभर औषध घेतात तेव्हा त्यांना कर्करोग होतो का, हे बघायला दोन वर्षे जातात, आणि ती दोन वर्षेच असतात. मग करता येण्याजोगे एवढेच उरते की ही घड्याळे लवकर सुरू करायची. म्हणजे औषध चालते की नाही हे ठरण्याआधीच बॅचेस कपाटात ठेवायच्या, आणि औषध पडले तर तो खर्च बुडाला असे समजायचे.

कोविडच्या लशींमध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर घडले. जानेवारी २०२० मध्ये विषाणूचा जनुकीय आराखडा जाहीर झाला. १६ मार्चला मॉडर्नाच्या लशीचा पहिला डोस एका स्वयंसेविकेला दिला गेला. २ डिसेंबरला फायझर-बायोएनटेकच्या लशीला ब्रिटनमध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली. तेव्हा अनेकांना शंका आली की काहीतरी वगळले असणार. ही शंका रास्त होती, म्हणून नेमके काय कापले गेले ते सांगायला हवे. एक टप्पा संपवून महिनोन्महिने निधीची वाट बघणे गेले. टप्पे एकमेकांवर चढवले गेले. निकाल हाती येण्याआधी कारखाने सुरू झाले. नियामकांनी सगळी फाइल येईपर्यंत न थांबता माहिती येईल तशी तपासली. (या दोन्ही लशी ज्यावर बेतल्या त्या एमआरएनए तंत्रावरचे आधीचे दीर्घ संशोधन पाठीशी होतेच.)

फायझरच्या चाचणीत सुमारे ४४,००० लोक होते. ती अमुक तारखेला नव्हे, तर ठरलेल्या संख्येने लोक कोविडने आजारी पडल्यावर संपणार होती. अंतिम विश्लेषणात १७० रुग्ण होते: १६२ प्लासिबो घेतलेल्यांत, ८ लस घेतलेल्यांत. साथ जोरात असल्याने हा आकडा लवकर गाठला गेला. साथ ओसरली असती तर सगळ्यांना थांबावेच लागले असते. शिवाय निम्म्या लोकांवर तरी दुसऱ्या डोसानंतर किमान दोन महिने नजर ठेवलेली असावी, ही अमेरिकी औषध प्रशासनाची अट होती. ते दोन महिने कुणी कापले नाहीत.

घाई का असते, हेही समजून घ्यायला हवे. पेटंटची २० वर्षे अर्ज केल्या दिवसापासून मोजली जातात, म्हणून कंपनीला घाई. आणि टेबलावर विनाकारण पडून राहिलेल्या फाइलचा महिना कुणातरी आजारी माणसाच्या उरलेल्या आयुष्यातून जातो, म्हणून खरे तर आपल्या सगळ्यांनाच घाई असायला हवी.

या क्षेत्राचे आणखी एक वेगळेपण आहे. पूल बांधणाऱ्याने पूल पुरा होईल असे धरून चालायचे असते. इथे माणसांवरच्या पहिल्या टप्प्यात शिरलेल्या दहा औषधांपैकी सुमारे नऊ कधीच बाजारात येत नाहीत. म्हणून औषधाला पाडू शकेल असा प्रश्न शक्य तितक्या लवकर विचारला जाईल, अशीच आखणी करावी लागते. फायझरचे टॉर्सेट्रापिब हे हृदयविकारावरचे औषध डिसेंबर २००६ मध्ये तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे परवान्याआधीच्या शेवटच्या मोठ्या चाचणीत, थांबवावे लागले. १५,००० रुग्णांच्या त्या चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी ८२ जण दगावले होते, न घेणाऱ्यांपैकी ५१. स्वतंत्र देखरेख समितीने हे आकडे पाहिले आणि चाचणी लगेच बंद झाली. इतक्या उशिरा आलेले ‘नाही’ फार महागात पडते. अ‍ॅस्ट्राझेनेकाने २०११ च्या सुमारास कुठले रेणू पुढे न्यायचे याचे निकष कडक केले. निवडलेल्या रेणूंपैकी तिसरा टप्पा पार करणाऱ्यांचे प्रमाण आधी ४% होते. २०१२ ते २०१६ या काळात ते १९% झाले. कमी प्रकल्प हाती घेऊन हे साधले.

लंडनच्या घटनेनंतर माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांचे वेळापत्रक बदलले. २००७ मध्ये युरोपीय औषध नियामकांनी मार्गदर्शक तत्त्वे काढली. आता सहसा पहिल्या दिवशी एकाला औषध आणि एकाला प्लासिबो देतात, आणि बाकीचे स्वयंसेवक निदान दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतात. प्रकल्पाच्या तक्त्यात त्या दिवसापुढे डोसाची एकही नवी नोंद नसते. डॉक्टर आणि परिचारिका दोन खाटांजवळ बसून तापमान, नाडी आणि रक्तदाब लिहीत राहतात.