झीरो माइलच्या शहरातून लष्करी नकाशाची जाळी वाचताना

नागपूरच्या झीरो माइल स्तंभापाशी उभे राहिले की साऱ्या देशाची मोजणी इथूनच सुरू झाली असावी, असे मनात येतेच. जुन्या लष्करी नकाशांवरील जाळीचे, म्हणजे ग्रिडचे, शून्य मात्र इथे नाही. ते हिशेबाच्या सोयीसाठी मानलेले शून्य आहे, आणि एवढे उमगले की त्या नकाशांवरचे आकडे वाचणे मुळीच अवघड नाही.

नागपूरचे टोपोशीट, म्हणजे भूभागाच्या तपशीलवार नकाशाचा ताव, ५५ ओ/४. त्याच्या चारही कडा अक्षांश-रेखांशांच्या आहेत. पण रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर भरतो, तर नागपुरात जेमतेम १०४, त्यामुळे तोफखान्याला अंश-मिनिटांत अंतर काढणे गैरसोयीचे पडे. सारख्या चौकोनांची जाळी असली, तर तोफ आणि लक्ष्य यांच्यातील अंतर वजाबाकी व पायथागोरसच्या सिद्धांतावर निघते. म्हणून ब्रिटिश अमदानीत, गणितज्ञ लॅम्बर्टने १७७२ साली मांडलेल्या शंकू प्रक्षेपणाच्या (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या एका रीतीच्या) आधारे, भारतासाठी निरनिराळे ग्रिड-विभाग आखले गेले.

त्यांपैकी ‘३-अ’ विभागाचा मूळबिंदू १९ अंश उत्तर आणि ८० अंश पूर्व, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्याच्या थोडा उत्तरेस येतो. त्या बिंदूला शून्य न देता पूर्वेचा आकडा ३० लाख यार्ड आणि उत्तरेचा १० लाख यार्ड असा दिला गेला, कारण तसे केले नसते तर पश्चिमेकडील व दक्षिणेकडील प्रत्येक गावाचा आकडा ऋण आला असता आणि रणांगणावर उणे चिन्ह विसरणे परवडणारे नव्हते. या जाळीत झीरो माइलचा आकडा मी मांडून पाहिला: पूर्व सुमारे २८ लाख ९६ हजार, उत्तर सुमारे १२ लाख ६० हजार यार्ड.

प्रत्यक्षात एवढे लांबलचक आकडे कोणी सांगत नसे; सुरुवातीचे लाखाचे आणि शेवटचे दोन अंक गाळले जात. समजा, संदेशात ‘९५८६०२’ आले. पहिले तीन अंक पूर्वेचे: ९५ क्रमांकाच्या उभ्या रेघेपासून उजवीकडे चौकोनाचे आठ दशांश. उरलेले तीन उत्तरेचे: ६० क्रमांकाच्या आडव्या रेघेपासून वर दोन दशांश. चौकोन हजार यार्डांचा असल्याने ठिकाण शंभर यार्डांच्या चौकटीत सापडते. आधी आडवे चालायचे, मग वर चढायचे. हा क्रम उलटला की ठिकाण पार भलतीकडे जाते.

मात्र लाखाचे अंक गाळल्यामुळे हाच सहा अंकी आकडा दर लाख यार्डांनी, म्हणजे साधारण ९१ किलोमीटरांनी, पुन्हा येतो, आणि म्हणूनच त्याआधी लाख यार्डांच्या मोठ्या चौकोनाचे अक्षर लिहीत. विभाग चुकला तर घोटाळा याहून मोठा होतो, कारण शेजारच्या ‘२-अ’ विभागाच्या जाळीत याच झीरो माइलचा पूर्वेचा आकडा सुमारे ३५ लाख ७८ हजार यार्ड निघतो. यार्डही तपासावा लागतो: या जाळीतला भारतीय यार्ड आजच्या आंतरराष्ट्रीय यार्डापेक्षा केसभर आखूड आहे, आणि ३० लाख यार्डांवर तो फरक साडेचार मीटर होतो.