आधी धुणं, मग वाळवणं : फायबरच्या जुन्या बोटीवरचे फोड

फायबरची बोट विकणारा तीन गोष्टी हमखास सांगतो: ती कुजत नाही, गंजत नाही आणि पाणी पीत नाही. आत लाकडाचा गाभा नसेल तर पहिल्या दोन खऱ्या. तिसरी खोटी. पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतूंचा थर वर्षानुवर्षं पाण्यात राहिला की वजनाच्या एक-दोन टक्के पाणी पितोच. मग कधीतरी बोट वर ओढली की पाण्याखालच्या भागावर फोड दिसतात. बहुतेक ५ ते २५ मिलिमीटरचे, क्वचित तळहाताएवढे.

यावरचा सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे फोड घासायचे, आठवडाभर ऊन द्यायचं, पुटी भरायची आणि रंग मारायचा. एक-दोन हंगामांत फोड त्याच जागी परत येतात. उन्हाने पाणी जातं, पण पाणी ओढून घेणारा पदार्थ तिथेच राहतो. हा पदार्थ नीट समजला तर दुरुस्तीचा निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

बोट साच्यात उलट्या क्रमाने बनते. आधी साच्यावर जेलकोटचा, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या गुळगुळीत रेझिनचा, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा थर, त्यावर रेझिनमध्ये भिजवलेली तुकडे-तंतूंची मॅट, त्यावर विणलेलं कापड, पुन्हा मॅट. जेलकोटच्या लगेच मागची मॅट हीच फोडांची खरी जागा. रोलर नीट फिरला नाही तर तिथे हवेचे बुडबुडे राहतात, तंतूंचे काही जुडगे कोरडे राहतात. मॅटमधले तुकडे एकत्र धरून ठेवणारा चिकटा जुन्या काळी बऱ्याचदा इमल्शनचा असे, आणि तो पाण्याने फुगतो.

आता रेझिन. पॉलिएस्टर म्हणजे ग्लायकॉल (दोन अल्कोहोल गटांचा रेणू) आणि द्विआम्ल (दोन आम्ल गटांचा) यांची एकाआड एक गुंफलेली साखळी. दोघांना जोडणारा तो एस्टर बंध. हा बंध तयार होताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. पुढे सगळं याच वाक्यावर फिरतं. कारखान्यात ग्लायकॉल गरजेपेक्षा थोडं जास्त घालतात, त्यामुळे काही शिल्लक राहतं. बोट बनवताना हार्डनर टाकला की रेझिनमध्येच मिसळलेलं स्टायरीन हे द्रव्य या साखळ्यांमध्ये आडवे दुवे घालून घट्ट जाळं करतं. सुट्या ग्लायकॉलला त्या जाळ्यात धरणारं काहीच नसतं. ते बारीक पोकळ्यांत पडून राहतं.

पाण्याचा रेणू लहान. जेलकोटच्या जाळ्यातून तो सावकाश आत येतो. ग्लायकॉलचा रेणू मोठा, समुद्रातलं मीठ आयनांच्या रूपात. दोघांनाही ती वाट जवळपास बंद. म्हणजे जेलकोट हा अर्धपार्य पडदा झाला, आणि शाळेत पाण्यात टाकलेली मनुका फुगवणारं परासरण (ऑस्मोसिस) इथे सुरू झालं.

जोर किती? दाब = संहती × वायुस्थिरांक × तापमान, हे व्हँट हॉफचं सूत्र घ्या. पोकळीत १०० ग्रॅम प्रतिलिटर प्रोपिलीन ग्लायकॉल असेल तर रेणुभार ७६ धरून संहती १.३ मोल प्रतिलिटर येते. ३०० केल्विनला दाब सुमारे ३२ वातावरण. बाहेरच्या समुद्राच्या पाण्याचा स्वतःचा परासरण दाब सुमारे २५ वातावरण असतो, म्हणून आत ओढणारा निव्वळ जोर ७ च्या आसपास. तीच बोट गोड्या पाण्यात ठेवली तर जोर जवळजवळ पूर्ण ३२. तलावातल्या आणि नदीतल्या बोटींना फोड लवकर येतात ते यामुळेच. ‘खारं पाणी फायबर खातं’ हा समज बरोबर उलटा आहे. एवढा दाब प्रत्यक्ष फोडात कधीच साठत नाही, कारण त्याच्या कितीतरी आधी जेलकोट मागच्या थरापासून सुटतो आणि वर उचलला जातो.

इथे एक शंका यायला हवी. पाणी येत गेलं की आतलं द्रावण पातळ होणार, समुद्राशी तोल साधला की फोड वाढायचा थांबणार. शिल्लक ग्लायकॉल एवढीच गोष्ट असती तर खरंच थांबला असता. पण एस्टर बंध तयार होताना पाणी बाहेर पडलं होतं. आता पाणी परत आलं की तीच क्रिया उलटी चालते. याला जलविच्छेदन म्हणतात. बंध तुटला की एका टोकाला अल्कोहोलचा गट, दुसऱ्या टोकाला आम्लाचा गट उघडा पडतो. साखळीचे लहान तुकडे सुटून पाण्यात विरघळतात आणि संहती पुन्हा वाढते. शिवाय सुटलेलं आम्ल पुढच्या बंधाच्या तुटण्याला उत्प्रेरक ठरतं. क्रिया स्वतःलाच वेग देत जाते. उष्ण पाण्यात विसरण (पाण्याचं आत झिरपणं) आणि जलविच्छेदन दोन्ही जलद होतात, म्हणून उष्ण कटिबंधातली बोट या बाबतीत थंड देशातल्या बोटीपेक्षा लवकर म्हातारी होते.

कोणतं रेझिन वापरलंय यावर बरंच अवलंबून. जुन्या बोटींत स्वस्त ऑर्थोथॅलिक पॉलिएस्टर, त्याहून बरं आयसोथॅलिक, आणि सगळ्यांत चिवट व्हिनिलएस्टर, कारण त्यात एस्टर बंध थोडे आणि तेही साखळीच्या टोकांजवळ. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमला युनिफ्लाइटच्या कारखान्यात बनलेल्या व्हॅलियंट ४० या शिडाच्या बोटींचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे आग न पकडणारं रेझिन वापरायला सुरुवात झाली, आणि त्या काळातल्या बोटींना पाण्याखालीच काय, पाण्यावरच्या भागालाही फोड आले. बोटीची रचना उत्तम होती, घात रेझिनने केला.

आता प्रत्यक्ष काम. बोट वर आली की गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तळ धुवा आणि त्याच दिवशी प्रत्येक फोडाभोवती खडूने गोल काढा. वाळताना लहान फोड बसतात आणि दुसऱ्या दिवशी सापडत नाहीत. मग दोन-चार फोडून बघा, पण गॉगल लावूनच. आतलं पाणी डोळ्यापर्यंत उडतं आणि ते आम्लधर्मी असतं. व्हिनेगरसारखा किंवा स्टायरीनचा वास, बोटांना बुळबुळीत स्पर्श आणि पीएच कागदावर स्पष्ट आम्ल आलं तर तो जेलकोटमागचा खरा फोड. समुद्राचं पाणी ८ च्या आसपास असतं, त्यामुळे फरक लगेच कळतो. आत कोरडं असेल, किंवा साधं पाणी असून खाली जेलकोट शाबूत असेल, तर फोड फक्त रंगाच्या थरात आहे. रंग खरवडून नवा लावला की झालं. आतल्या थरांतही तंतू सुटे झाले असतील तर मामला गंभीर.

दोन-तीन डझन फोड असतील तर एकेक दुरुस्त करावा. सगळा तळ भरला असेल तर जेलकोट पूर्ण काढावा लागतो, आणि त्यासाठी रंध्यासारखं पीलर यंत्र किंवा ओलं ग्रिट ब्लास्टिंग (पाण्यासोबत खरखरीत कणांचा मारा) बरं. नुसत्या सँडिंगने भुकटी रंध्रांत दाबली जाते आणि धुण्याचं पाणी आत पोचत नाही. सुट्या फोडासाठी ३६ किंवा ४० नंबरच्या डिस्कने टणक, पांढरेपणा नसलेला थर लागेपर्यंत उथळ बशीसारखा खड्डा करा. खड्डा मॅटच्या पलीकडे गेला तर खोलीच्या १२ पट रुंद उतार देऊन काचकापडाचे थर इपॉक्सीने (हार्डनर मिसळून घट्ट होणारं दुसऱ्या प्रकारचं रेझिन) परत चढवावे लागतात.

आणि मग धुणं. प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळतं. कोकणातलं कितीही कडक ऊन त्याला उडवून लावू शकत नाही. उलट ते हवेतलीच ओल खेचत बसतं. मात्र पाण्यात ते कितीही प्रमाणात विरघळतं. म्हणून उघडे खड्डे किंवा सोललेला तळ गरम गोड्या पाण्याने, ब्रश मारून, दर दोन-तीन दिवसांनी धुवायचा. पहिल्या धुण्यानंतर काही दिवसांनी खड्ड्यांत परत चिकट थेंब जमलेले दिसतात, कारण आतलं ग्लायकॉल पृष्ठभागाकडे सरकतं. थेंब यायचे थांबेपर्यंत धुणं चालू ठेवायचं. सुट्या फोडांना दोन आठवडे, पूर्ण तळाला महिना-दीड महिना. त्यानंतर वाळवायला घ्यायचं.

वाळलं की नाही हे बघायला साधी युक्ती आहे. ३० सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि २४ तासांनी बघा. आतून थेंब दिसले तर थांबा. रात्री तापमान घसरून जमणारं दव फसवू नये म्हणून हा तुकडा आडोशाला लावावा. ओलावा मोजणाऱ्या मीटरवर फार विसंबू नका. तांब्याचा अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा) रंग, मीठ, आतल्या बाजूचं धातूचं टाकं, कशानेही आकडा चढतो. पाण्यावरच्या भागाशी तुलना करण्यापुरताच तो उपयोगी. तोच आकडा दाखवून जुन्या बोटीचे भाव पाडणारे दलाल आणि ‘ऑस्मोसिस-प्रूफ नॅनो कोटिंग’ विकणारे एकाच माळेचे मणी. फोड म्हणजे बोट बुडायची नोटीस नव्हे, आणि काही मायक्रॉनचा थर पाणी अडवतही नाही. आत येणाऱ्या पाण्याचा वेग थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. जाडी नाही तर काही नाही.

भरताना खड्डा आधी साध्या इपॉक्सीने माखा, मग कोलॉइडल सिलिका ही बारीक भुकटी घालून न ओघळण्याइतकं घट्ट केलेलं इपॉक्सी भरा. गॅरेजमधली गाडीची पुटी नको. ती टाल्क घातलेलं पॉलिएस्टरच असते, आणि पाणी पिते.

वरचा अडथळा थर, म्हणजे पाणी अडवणारा इपॉक्सीचा रंग, एकूण २५० ते ३०० मायक्रॉन कोरडा हवा. समजा पाण्याखालचं क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. ३०० मायक्रॉनला ७.५ लिटर घन माल लागतो. रंगात घन भाग आकारमानाने ५० टक्के असेल तर १५ लिटर, आणि रोलर-ट्रेतली नासाडी धरून १७-१८. एका हाताला १०० मायक्रॉन ओला म्हणजे ५० कोरडा, त्यामुळे सहा हात. दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिलेला पाळा. घाई केली तर द्रावक आत कोंडला जातो आणि तोच पुढच्या फोडाचं बी होतो. हार्डनरचं प्रमाणही अंदाजाने नको. हार्डनरमधला जास्त पडलेला अमाइन पाण्यात विरघळणारा आहे. पुढच्या हाताला उशीर झाला असेल तर पृष्ठभागावर आलेला मेणचट अमाइनचा थर पाण्याने धुऊन मगच सँडिंग.

पश्चिम किनाऱ्यावर साधारण जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर असतात, म्हणून हे काम तेव्हाच काढायचा मोह होतो. इपॉक्सीसाठी पृष्ठभाग दवबिंदूच्या किमान ३ अंश वर हवा. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू २७.२ असतो, म्हणजे नियम तिथेच मोडला. पावसाळ्यात शाकारलेल्या बोटीखाली सोलणं आणि धुणं उरकून घ्यावं, त्याला ओलावा आड येत नाही. वाळवणं आणि इपॉक्सी यांना डिसेंबर-जानेवारी द्यावा, किंवा बंदिस्त शेड आणि डीह्युमिडिफायर. रोज वाळूवर ओढल्या जाणाऱ्या छोट्या होड्यांना फोड क्वचितच येतात, कारण त्या रोज सुकतात. त्यांचं दुखणं वेगळं: पावसाचं पाणी आत साचतं, तळाच्या आतल्या बाजूला जेलकोटही नसतो, आणि ते पाणी गोडं असतं. किनाऱ्यावर ठेवताना मागचं बूच काढून नाळ (बोटीचं पुढचं टोक) थोडी उचलून ठेवावी.